वालाच्या दाण्यातले रसायन

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव लागते आणि रस्ता पुढे भिवंडीला जातो. भात कापून झाले की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, ही या खाडीकाठच्या मुलखातली जुनी रीत. शेतांची जागा चाळींनी आणि गोदामांनी घेतली तरी वाल जेवणातून गेलेला नाही. रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा आणि बिरडे सावकाश शिजू द्यायचे. एवढी खटपट कशाला, असे विचारले तर ‘पोटाला बाधत नाही’ एवढेच उत्तर मिळते. १९५५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मुंबईच्या सायन्स इन्स्टिट्यूटमधले एक छोटे टिपण छापून आले. वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून तिथल्या संशोधकांनी एक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले होते. आपल्या आतड्यात प्रथिने फोडण्याचे काम करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला ते अडवते. ट्रिप्सिन अडले की दाण्यातले प्रथिन पोटात जाऊनही पुरते अंगी लागत नाही. भिजवून नीट शिजवलेल्या दाण्यात त्या द्रव्याचा जोर ओसरतो. घरोघरच्या ‘बाधत नाही’ला रसायनशास्त्राची भाषा मिळाली ती अशी. ते टिपण लिहिणाऱ्यांत एक नाव होते डॉ. कमला सोहोनी.

हे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना बहुधा एका प्रसंगामुळे ठाऊक असते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत १९३३ साली बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली आणि संचालक सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच संस्थेत शिकलेले. मुलगी हटली नाही. शेवटी एक वर्ष अटी घालून, चाचपणी म्हणून तिला घेतले गेले. वर्षभरात तिच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि ती नियमित विद्यार्थिनी झाली. प्रसंग खरा आहे, सांगण्यासारखा आहे. शाळांच्या भाषणांत, महिला दिनाच्या लेखांत तो सांगितला जातो. तक्रार आहे ती गोष्ट तिथेच संपवण्याबद्दल. बावीस वर्षांच्या मुलीला दारात अडवले एवढेच लक्षात ठेवायचे आणि दार उघडल्यावर तिने पुढची पन्नास वर्षे काय केले ते विसरायचे, हाही अन्यायच आहे. कमलाबाईंचे आयुष्य बंगळूरच्या दारापेक्षा आपल्या ताटाकडून वाचायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल की अडवणुकीची गोष्ट मागे सारली तर स्त्रियांवर झालेला अन्यायच झाकला जाईल. मला उलटे वाटते. एका थोर माणसाचा एक पूर्वग्रह आणि एका हट्टी मुलीने त्यावर केलेली मात, असे रूप दिले की अन्याय १९३३ सालीच मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात कमलाबाई केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या, नामांकित प्राध्यापक झाल्या, त्यानंतरही सायन्स इन्स्टिट्यूटचे संचालकपद त्यांच्यापासून चार वर्षे लांब ठेवले गेले. तेव्हा आडवे आलेले रामन नव्हते. आड आले ते संस्थेतले अंतर्गत राजकारण. त्याला चेहरा नाही, म्हणून त्याची गोष्ट होत नाही. ‘पहिली’ या शब्दाचेही असेच. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्रास होतो. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. पहिलेपणाचा शिक्का काढून घेतला तरी कमलाबाईंचे काहीच उणे होत नाही.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम.एस्सी. पूर्ण केली. पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिज. तिथे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना बटाट्याच्या अभ्यासातून त्यांना आढळले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते. श्वसनाच्या साखळीतला हा महत्त्वाचा दुवा प्राणी आणि वनस्पती दोघांतही आहे, असा त्याचा अर्थ. चौदा महिने आणि चाळीस पानांचा प्रबंध, एवढ्यात पीएच.डी. झाली. इथे एक आक्षेप येतो आणि तो तोलामोलाचा आहे. एवढ्या मूलभूत शोधाची वाट धरलेल्या बाईंनी पुढे नीरा आणि डाळी तपासत बसावे, हे बुद्धीचे नुकसान नव्हे काय? केंब्रिजमध्ये राहिल्या असत्या तर कुठल्या कुठे गेल्या असत्या, असे हळहळून म्हणणारे आजही भेटतात.

या हळहळीच्या मुळाशी एक उतरंड आहे: वर मूलभूत विज्ञान, खाली उपयोजित, आणि अगदी तळाला स्वयंपाकघर. कमलाबाईंच्या कामाने ही उतरंड खोटी पाडली. वालातले ट्रिप्सिनरोधक द्रव्य स्फटिकरूपात मिळवणे हे निखळ प्रथिन-रसायन आहे. प्रथिनाचा स्फटिक मिळवायचा तर द्रावणाची आम्लता, क्षारांचे प्रमाण, तापमान हे सगळे जुळून यावे लागते; मिश्रणातून नेमका तोच रेणू बाजूला काढावा लागतो. ‘नेचर’ने ते छापले ते गरिबांच्या उपयोगाचे म्हणून नव्हे. प्रश्न कुठून उचलला, एवढाच फरक. माशांच्या, दुधाच्या, मांसाच्या प्रथिनांवर पश्चिमेत ढीगभर काम होत होते. ज्यांचे प्रथिन मुख्यतः डाळ-कडधान्यातून येते अशा लोकांच्या ताटात नेमके काय आहे, हा प्रश्न विचारायला इथलाच शास्त्रज्ञ लागणार होता. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भाज्या आणि डाळी यांतल्या या रोधकांचा पद्धतशीर माग काढला. तांदळाच्या पिठाचे आणि डाळींचे पोषणमूल्य तपासले. (थोरली बहीण दुर्गाबाई भागवत यांनी ‘खमंग’ लिहून याच स्वयंपाकघरात संस्कृतीचा शोध घेतला. एका घरातल्या दोन बुद्धिमान मुलींना अन्न हा विद्येचा विषय वाटावा, हे त्या काळात सोपे नव्हते.)

हे सगळे झाले ते सरकारी नोकरीत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. परदेशातून आल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली लग्न करून त्या मुंबईला आल्या आणि काळा घोड्याजवळच्या सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ही संस्था सरकारची. तिथला प्राध्यापक म्हणजे पगारी सरकारी नोकर. त्याची बदली होते, बढती अडते, उपकरणाच्या मागणीवर शेरे पडतात. याच चौकटीत बसून त्यांनी आरे दुग्ध प्रकल्पाला सल्ला दिला. लोकसेवा म्हणजे निवडणूक किंवा फाईल, अशी आपली समजूत असते. शहराला जाणारे दूध नासू नये, त्याचा दर्जा टिकावा यासाठी प्रयोगशाळेत बसून केलेले काम या समजुतीत बसत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही.

नीरेचे काम याच पठडीतले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आलेला होता. ताड-माडावर चढून पोट भरणाऱ्यांचा धंदा त्याने उठला होता. पहाटे उतरवलेला, न आंबलेला रस म्हणजे नीरा. ऊन वर आले की तिचीच ताडी होते. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने नीरेतली जीवनसत्त्वे आणि लोह मोजले, आणि आदिवासी भागांतल्या कुपोषित मुलांना व गरोदर बायांना ती दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. यावरचा सरळ आक्षेप असा की नीरेने कुपोषण हटलेले नाही. पालघर आणि मेळघाटातली मुले आजही कमी वजनाची जन्मतात. हे खरे आहे. नीरा काही तासांत आंबते, तिची साठवण आणि वाहतूक खर्चाची, आणि गरिबाच्या घरापर्यंत ती ताजी पोहोचवणे प्रयोगशाळेच्या हातातले नाही. पण पोषण कशात आहे हे शास्त्रज्ञाने सांगितल्यावर ते पोहोचवण्यात शासन कमी पडले, तर त्या अपयशाचे माप संशोधनाच्या पदरात घालता येत नाही. झाडावर फुकट झरणाऱ्या रसाकडे औषध म्हणून पाहण्याची दृष्टी त्या कामात आहे आणि ती अजून वापरायची राहिली आहे.

त्यांचा पुढचा टप्पा ग्राहक चळवळीचा. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. कमलाबाई तिच्यात उतरल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. म्हणजे या बायकांनी काम सुरू केले तेव्हा तो वीस वर्षे दूर होता. हे मुंबईतल्या सुखवस्तू बायकांचे काम, असे म्हणून ते बाजूला ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांनी भिवंडीच्या बाजूला येऊन पाहावे. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला कामगार बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतो. तिथले तेल, डाळ, हळद त्याने निवडलेले नसते. कोनच्या चाळीत राहणारी बाई संध्याकाळी दहा-वीस रुपयांचे सुटे तेल आणि पुडीतली हळद घेते. वेष्टनावरची छापील तारीख आणि परवाना क्रमांक तिच्या वाट्याला येतच नाहीत. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि साठांहून अधिक माणसे मेली. पाय सुजायचे, हृदय थकायचे. मोहरीचे तेल रोज वापरणारी घरे या यंत्रमागांच्या गावात हजारोंनी आहेत. भेसळ सगळ्यांनाच लागते, पण सुटे घेणाऱ्याला आधी लागते. ग्राहक चळवळीची खरी गरज ज्याला आहे तो तिच्या सभेला कधी आला नाही, ही तिची मर्यादा जरूर सांगावी; तिचा विषयच सुखवस्तूंचा होता असे मात्र म्हणू नये.

कमलाबाईंची वाट इथे पुढे न्यायची तर रसायनशास्त्राच्या वर्गाने ताटाकडे वळावे लागेल. यावर जाणकारांची हरकत असते की सामान्य माणसाच्या हाती परीक्षानळी दिली की अफवा पसरतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ असल्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या त्या अशाच अर्धवट प्रयोगांतून. हरकत योग्य आहे, आणि तिचे उत्तर हळदीतच आहे. हळदीत मेटानिल यलो हा कृत्रिम रंग आहे का, हे पाहायला तिच्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. रंग गुलाबी होतो. पण शुद्ध हळदही आम्लात गुलाबीच होते! खरी परीक्षा पुढची: पाणी घालून पातळ केल्यावर गुलाबी छटा गेली तर हळद चोख, टिकून राहिली तर मेटानिल यलो. पहिल्याच पायरीला थांबणारा माणूस प्रामाणिक वाण्याला चोर ठरवतो. दुसरी पायरी शिकवण्यासाठीच शिक्षक लागतो, प्रयोगशाळा लागते, आणि कमलाबाईंसारखा, लोकांच्या प्रश्नासाठी वेळ काढणारा प्राध्यापक लागतो.

सीबीएसईच्या बारावीच्या रसायन प्रकल्पांच्या यादीत अन्नातली भेसळ ओळखण्याचा विषय आहे. नमुना आपल्याच गल्लीतल्या दुकानातून आणायचा आणि निष्कर्ष जपून लिहायचा, एवढे केले तरी तो प्रकल्प वहीबाहेर येतो. संशय बळावलाच तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे चाळिसावे कलम आहे. दुकानदाराला तसे सांगून घेतलेला पदार्थ ग्राहक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासून घेऊ शकतो, आणि पदार्थ सदोष निघाला तर शुल्क परत मिळते. हे कलम कोनमधल्या किती घरांना माहीत आहे? ग्रामपंचायतीच्या फलकावर ते मराठी, हिंदी आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत लावता येईल, शेजारी विश्लेषकाचा पत्ता आणि शुल्काची रक्कम लिहून.