नादांची जातपंचायत

हेवी मेटल या पाश्चात्य संगीताचे नवे अल्बम दर महिन्यास निघतात, आणि त्यांचीं परीक्षणेंहि तितक्याच तत्परतेनें निघतात. तीं वाचतांना आम्हांस वधूवरांचीं टिपणें जुळविणाऱ्या उपाध्यायाची आठवण होते. मुलगी काय शिकली, काय बोलते, तिच्या मनांत काय आहे, ही चौकशी सर्वांच्या शेवटीं. आधीं गोत्र, गण आणि नाडी. ही तबकडी थ्रॅश कीं डेथ, डूम कीं ब्लॅक, आणि ब्लॅक असल्यास शुद्ध कीं संकरित, एवढा निर्णय दिला कीं परीक्षकाचें काम संपलें. या जातिनिर्णयालाच हल्लीं रसिकता म्हणतात. ती रसिकता नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परंतु तत्पूर्वीं दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेणें प्राप्त आहे. नाहींतर आमच्या या लेखाचा आयताच फायदा तो घेईल. हा पक्ष घरांतील तीर्थरूपांचा. त्यांच्या मतें हा सारा गोंगाटच. मग त्याच्या जाती मोजावयाच्या कशाला? मौज अशी कीं, हेच गृहस्थ अनंतचतुर्दशीस पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोलताशांच्या पथकासमोर दोन दोन तास उभे राहतात, छातींत ठोका बसला कीं गहिंवरतात, आणि घरीं आल्यावर त्या आवाजास 'दणदणीत' म्हणतात. दणदणीत आणि गोंगाट यांतील भेद आवाजाचा नसून ओळखीचा आहे. शिवाय भरतमुनीनें जे आठ रस सांगितले त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीन आहेत, आणि त्यांना त्यानें शृंगाराच्याच पंक्तीस बसविलें आहे. वर्गांत आम्हीहि ते शिकवितों. फक्त उदाहरण देण्याची वेळ आली कीं दुःशासनाच्या रक्तापलीकडे आमची मजल जात नाहीं. ज्यांना या तीन रसांचा जिवंत अनुभव हवा असेल त्यांना तो कोठें मिळतो, याची चौकशी करण्याचें धैर्य आम्हां शिक्षकांत नाहीं, हा दोष त्या संगीताचा नव्हे.

नीतीचा आक्षेप राहिला. १९८५ सालीं अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढें या गाण्यांची चौकशी झाली. १९९० सालीं नेवाडा राज्यांतील रीनो येथें 'जूडास प्रीस्ट' या मंडळीवर खटला झाला, कीं त्यांच्या गाण्यांत दडविलेल्या शब्दांनीं दोन तरुणांस आत्मघातास प्रवृत्त केलें. न्यायाधीशानें तो दावा फेटाळला. नॉर्वेंत मात्र १९९२ च्या सुमारास ब्लॅक मेटलच्या मंडळांतील कांहीं तरुणांनीं प्रार्थनामंदिरें जाळलीं आणि १९९३ सालीं त्यांच्यांतच खून झाला. हें झांकण्याचें कारण नाहीं. त्यांनीं केलें तें नीच होतें व त्याची शिक्षा न्यायालयानें दिली. पण त्यावरून साऱ्या संगीतास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें म्हणजे एका कीर्तनकारानें चोरी केली म्हणून वीणा जप्त करणें होय.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ज्यांना जातींचा एवढा अभिमान आहे त्यांनीं मूळ पुरुषाची कथा एकदां नीट वाचावी. १९६५ सालीं बर्मिंगहॅम येथील पत्र्याच्या कारखान्यांत टोनी आयोमी नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारींच बोटें गेलीं. त्यानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, हलक्या तारा लावल्या, आणि पुढें तारांचा ताण सैल करून वाद्यच खालच्या स्वरांत उतरविलें. 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारींत आला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधील कांहीं गाण्यांत तर स्वर तीन अर्धस्वरांनीं खालीं गेला आहे. ज्या जड, खर्जांतल्या नादाला आज शास्त्र समजतात तो असा एका दुखऱ्या हाताच्या सोयीसाठीं निघाला. त्या मुलानें कोणत्या पंथाचें लक्षण पाळलें होतें?

पुढच्या पंथांचीं नांवेंहि अशींच पडलीं. न्यूकॅसलच्या 'व्हेनम'नें १९८२ सालीं एका अल्बमला 'ब्लॅक मेटल' हें नांव दिलें, आणि दहा वर्षांच्या आंत नॉर्वेंतील मुलें तें नांव दीक्षेच्या मंत्राप्रमाणें उच्चारूं लागलीं. बिरुद मूळचें बाजारांतलें. त्यास सोंवळें मागाहून नेसविलें गेलें.

नांवांवरून निर्णय देणारांची एकदां जाहीर फजितीहि झाली आहे. १९८९ सालीं अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकांत हार्ड रॉक व मेटल या प्रकाराचा पहिला मान 'मेटॅलिका'ला मिळणार असें सर्वांनीं धरलें होतें. तो मिळाला 'जेथ्रो टल'ला, ज्यांचा नायक इयन अँडरसन बांसरी वाजवितो. मेटलवाल्यांनीं तेव्हां जो आरडाओरडा केला तो अद्याप पुरता विरलेला नाहीं. गंमत पुढेंच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरांत स्वीडनच्या 'ओपेथ' मंडळीचा 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट' निघाला, त्यांत हाच अँडरसन बांसरी वाजवितो आणि निवेदनहि करतो. आणि कोणाहि शाहण्या माणसास तें खटकत नाहीं.

या अल्बमाविषयीं थोडें अधिक बोलावयास हवें, कारण आमच्या वाचकांस त्याचा विषय फार जवळचा आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. घरचा कर्ता वारला आहे. वारस जमले आहेत आणि मृत्युपत्र वाचलें जात आहे. गाण्यांना नांवें नाहींत, दस्तऐवजांतल्याप्रमाणें कलमांचे आंकडे आहेत. फक्त शेवटचें गाणें नांवाचें. एकेका कलमासरशीं घराण्याच्या इभ्रतीचा एकेक चिरा ढांसळतो. ज्यांनीं आपल्या वाड्यांतील वांटणी पाहिली आहे त्यांना हें भाषांतर करून सांगावें लागणार नाहीं. हें इच्छापत्र कधीं साध्या गळ्यांतून येतें, कधीं अँडरसनच्या शांत वाचनांतून, आणि कधीं त्या घशांतील गर्जनेंतून, जी या मंडळीनें २००८ नंतर अल्बमांत वापरलीच नव्हती. मेलेला बाप जिवंतांवर गुरगुरतो, याहून त्या गर्जनेला योग्य जागा कोणती? पण चिरंजीवांच्या पक्षानें जल्लोष कशाचा केला? गर्जना परत आली याचा! सोळा वर्षें बिचारे तिथी मोजीत बसले होते. ती येथें कां आली, हा प्रश्न त्यांच्यापैकीं किती जणांना पडला असेल, देव जाणे.

उलट 'डेफहेवन'ची कथा. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या या मंडळीनें २०१३ सालीं 'सनबेदर' काढला. वेष्टन गुलाबी, आणि गाण्यांत ब्लॅक मेटलच्या किंकाळ्यांखालीं कोंवळे, तरंगते स्वर. गुलाबी रंगावरूनच पंचायत बसली आणि यांस वाळींत टाकण्यांत आलें. २०२१ सालीं किंकाळ्या जवळजवळ सोडून ते सरळ गाऊं लागले, तेव्हां हे आपले नव्हतेच, असा निकाल झाला. २०२५ च्या 'लोनली पीपल विथ पॉवर'मध्यें किंकाळ्या परतल्या, तर आतां प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाले म्हणून पंक्तीचें आमंत्रण! सत्ता हातीं असलेल्या एकाकी माणसांविषयीं ही मंडळी काय म्हणते, तें चांगलें म्हणते कीं वाईट, याचा विचार पंचांच्या कामकाजांत बसत नाहीं.

चिरंजीव म्हणतील, नांवें नकोत तर ऐकणारानें ओळखावें कसें? नांवें नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. ठुमरी ऐकावयास बसलेल्यानें ध्रुपदाचें गांभीर्य नाहीं म्हणून रुसूं नये, यासाठीं नांव उपयोगी आहे. सिएटलच्या 'बेल विच' या दोघांच्या मंडळीचे 'मिरर रीपर' (२०१७) आणि 'द क्लँडेस्टाइन गेट' (२०२३) हे अल्बम म्हणजे प्रत्येकीं सुमारें ८३ मिनिटांचें एकेकच गीत, तें केवळ खर्जाच्या गिटारवर, नगाऱ्यांवर आणि ऑर्गनसारख्या सुरांवर उभें. बर्मिंगहॅमच्याच परिसरांतून निघालेल्या 'नेपाम डेथ'चें १९८७ चें एक गाणें सव्वा-दीड सेकंदांत संपतें. दोहोंना एकाच मापानें मोजणारा वेडा ठरेल. विलंबित ख्यालावर पोसलेल्या आमच्या कानांना तर 'बेल विच' समजण्यास कठीण पडूं नये. दोन आघातांमधील अवकाश भरण्याची घाई नसणें हें त्यांचें बळ आहे. 'मिरर रीपर'मध्यें मंडळीच्या दिवंगत सहकाऱ्याचा पूर्वीं मुद्रित केलेला आवाज मध्यंतरीं उमटतो, आणि तेथें डूम कीं अन्य कांहीं, हा विचारच लाजून बाजूस होतो. नांव दारावरची पाटी आहे. आंत गेल्यावर पाटीकडेच तोंड करून बसणारा पाहुणा काय कामाचा?

पाटीमुळें सुमार मालहि खपतो, हा दुसरा अपाय. 'मेटॅलिका'चा '७२ सीझन्स' (२०२३) सत्याहत्तर मिनिटांचा आहे. त्यांत पाऊण तासाचा ऐवज चांगला आहे, बाकीची पुनरुक्ति. उत्तरपत्रिकेस पुरवण्या जोडल्यानें गुण वाढतात, ही विद्यार्थ्यांची समजूत आम्हांस परिचयाची आहे. पण जुना थ्रॅश परत आला, एवढ्यावर ती पदरांत घातली गेली. याच्या उलट डेन्व्हरच्या 'ब्लड इन्कँटेशन'नें २०२४ च्या 'ॲब्सोल्यूट एल्स्व्हेअर'मध्यें दोनच दीर्घ रचना दिल्या, बर्लिनला जाऊन मुद्रण केलें, 'टँजरीन ड्रीम'च्या वादकास सोबत घेतलें, आणि डेथ मेटलच्या धडधडाटांतून एकदम तारकांच्या निवांतांत नेऊन सोडलें. येथेंहि कांहीं जणांनीं विचारलेंच, कीं हें डेथ किती टक्के?

आतां आमच्या मनांत सलणारी गोष्ट. न्यूझीलंडच्या वाईपू गांवांतील दोन भावांनीं, दहा आणि आठ वर्षांचे असतां, 'एलियन वेपनरी' नांवाची मंडळी काढली. शिक्षण माओरी शाळेंत झालेलें. कित्येक गाणीं माओरी भाषेंत. २०१८ च्या 'तू' या अल्बमांत १८६४ च्या गेट पा येथील लढाईचें गाणें आहे, जेथें मूठभर माओरींनीं इंग्रजी फौज हटविली व ज्या लढाईंत या मुलांचा पूर्वज लढला. २०२५ च्या 'ते रा'मध्येंहि त्यांनीं ती भाषा सोडलेली नाहीं. दिल्लीचे 'ब्लडीवुड' २०२२ च्या 'रक्षक'मध्यें आणि २०२५ च्या 'नू देल्ही'मध्यें ढोलाबरोबर हिंदी व पंजाबी शब्द घेऊन जगभर हिंडले. आणि आमच्या मुंबईची 'डेमॉनिक रिझरेक्शन' ही मंडळी? २०१७ सालीं त्यांनीं 'दशावतार' नांवाचा अल्बम काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहाहि अवतार त्यांत आहेत, वादन कसदार आहे, आणि शब्द बहुतांश इंग्रजी. त्यावर लिहिणारांनीं सिम्फॉनिक कीं डेथ, याचा खल यथास्थित केला. खांब दुभंगून नरसिंह बाहेर पडतो त्या क्षणाला गर्जना करावयास आमच्या भाषेंत कडाडणें आहे, दणाणणें आहे, डरकाळणें आहे, थरकांप आहे. ओरडून बघावें, घसा भरून येतो. यांतील एकहि शब्द तेथें कां आला नाहीं, हें पंचांपैकीं कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.