पात्या का गळतात आणि बाटल्या का खपतात?



पावसाने पंधरा दिवस दडी मारली की कपाशीच्या पात्या गळू लागतात आणि कृषी केंद्रात टॉनिकच्या बाटल्यांची रास लागते. आम्ही उधारीवर बाटली आणतो, फवारतो. पात्या गळायच्या त्या गळतातच. वर दुकानदार सुनावतो, 'फवारणी चुकली तुमची!' चूक कोणाची, ते एकदा तपासू या.

झाडाच्या कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते पेशीमागून पेशी ओलांडत बुडख्याकडे उतरते. शेंडा खुडला की ही धार तुटते आणि बगलेतले डोळे फुटतात. तुरीचा शेंडा खुडणाऱ्याला हे सांगायला नको. कोंबाच्या टोकाकडून खाली काही निरोप जातो, हे डार्विन बापलेकांनी १८८० मध्येच मांडले होते.

पातीच्या देठातही हीच धार वाहते. ती चालू आहे तोवर देठाचा सांधा घट्ट राहतो. पाण्याचा ताण पडला की झाडात इथिलीन वाढते, ऑक्झिनची वाहतूक मंदावते, सांधा सुटतो. किडीने होणारी गळ वेगळी. ताणातले झाड पोसवेल तेवढेच ठेवते. त्याला कमी पडते ते पाणी आणि अन्न. ते बाटलीतून कसे येणार?

आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. एन.ए.ए. हे कृत्रिम ऑक्झिन नेमक्या मात्रेत, जमिनीत ओल असताना फवारले तर पातेगळ कमी होते. पण तेच एन.ए.ए. सफरचंदाच्या बागेत जादा फळे गाळायला वापरतात! ज्वारीतल्या तणावर मारायचे टू-फोर-डी हेही ऑक्झिनच्याच जातीचे. तो पंप नीट न धुता कपाशीत फिरवला तर पाने आक्रसून बोटांसारखी होतात. अशा वस्तूला 'टॉनिक' म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे.

संप्रेरके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली. कायदा आहे, पण दुकानात विचारणारा कोणी नाही. तो आपणच व्हायचे.

येत्या हंगामात गावोगाव एकच नियम करू या: बाटलीवर घटक, प्रमाण आणि नोंदणी नसेल, पक्के बिल मिळणार नसेल, तर पैसा नाही. आणि पहिला खर्च डवऱ्याच्या फेरावर, ओळीआड सरीवर. ओल टिकली तरच पाती टिकेल.