धडकेविना फुटबॉल

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला स्थान मिळाल्याच्या आनंदात, त्याच ठरावाने प्रवेश मिळालेल्या ‘फ्लॅग फुटबॉल’कडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अमेरिकेत मात्र या खेळाशी लक्षावधी मुलांच्या मेंदूच्या आरोग्याचा प्रश्न निगडित आहे.

अमेरिकी फुटबॉलचा पायाशी संबंध नाममात्रच. चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या अंत्यरेषेपलीकडे पोहोचणे, हे त्याचे उद्दिष्ट. मूळच्या ‘टॅकल’ प्रकारात ११-११ खेळाडू शिरस्त्राणे नि खांद्यांवर कवचे चढवून १०० यार्डांच्या मैदानात उतरतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून भुईसपाट करणे, हाच त्याला रोखण्याचा मुख्य मार्ग. ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे; न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे.

फ्लॅग प्रकारात खेळाडूच्या कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंस एकेक फीत असते. ती ओढून काढली की तो प्रयत्न तेथेच संपला. धावणाऱ्याने हाताने फीत झाकली, तर दंड. ऑलिंपिकच्या प्रकारात खेळाडू ५-५ आणि मैदान ५० यार्डांचे. ४ प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, पुढच्या ४ प्रयत्नांत गुण मिळवायचा. अंगाने वाट अडविण्यास मज्जाव. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यानेही ७ यार्ड मागून निघायचे. हातून निसटलेला चेंडू जमिनीला लागताच खेळ थांबतो. त्यामुळे चेंडूसाठी अंगावर अंग टाकून होणारी झोंबाझोंबी उरतच नाही. म्हणजे वजन आणि बळ यांची जागा वेग, हुलकावणी आणि अचूक फेक यांनी घेतली. याला कोणी दुबळ्यांचा खेळ म्हणत असेल, तर त्याने एकदा खेळून पाहावे!

आक्षेप घेणारे म्हणतात, धडक काढली की खेळातला पुरुषार्थ गेला. शिवाय टॅकल लहानपणीच नीट शिकविले नाही तर मोठेपणी इजा अधिक, असाही युक्तिवाद होतो. तो सर्वस्वी निराधार नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६ ते १४ वयाच्या टॅकल खेळणाऱ्या मुलांच्या डोक्याला फ्लॅग खेळणाऱ्यांच्या १५ पट आघात झाल्याचे आढळले. बोस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये व्यावसायिक लीगच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मध्ये वारंवारच्या आघातांशी निगडित असा ‘सीटीई’ हा विकार सापडला. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले, तेव्हा हे प्रमाण सरसकट सर्वांना लावता येणार नाही, हे खरे. तरीही ते पोटात गोळा आणणारेच आहे.

नियम बदलले की खेळ मरतो, ही भीतीही जुनीच. १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंमुळे खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. रूझवेल्ट रांगड्या खेळांचे भोक्ते, पण त्यांनाही सुधारणा हवी होती. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि तीच फेक आज या खेळाची शोभा आहे.

असे असता कॅलिफोर्नियात १२ वर्षांखालील मुलांना टॅकलपासून दूर ठेवू पाहणारे विधेयक पुढे आले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी आपण त्यावर स्वाक्षरी करणार नाही, असे जाहीर केले. निर्णय पालकांचा, ही त्यांची भूमिका. मात्र ज्याच्या डोक्यावर तो आघात होणार, त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला कोणी विचारले?