आरे-वारेच्या कड्यावरून



घनसावंगी तालुक्यातल्या आपल्या माणसाला 'समुद्र पाहिला का?' असे विचारले तर बहुतेक जण 'हो' म्हणतील. पण तो समुद्र म्हणजे दादरची चौपाटी, आणि दिवस सहा डिसेंबरचा. रात्रभर रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीवर माथा टेकायचा, पुस्तके आणि कॅलेंडर घ्यायचे आणि लेकरांचा हात घट्ट धरून परतीची गाडी गाठायची. समुद्र तिथेच असतो, पण त्याच्याकडे नीट पाहायला सवड कुणाला असते?

चालण्याचेही तसेच आहे. आपल्या माणसांइतके चाललेली माणसे थोडी असतील. ऊसतोडीला जाताना चाललो, कामाच्या शोधात चाललो, पाण्याचा हंडा घेऊन चाललो. आमची माय १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर रोज चालत जायची आणि दिवसभर खडी फोडून चालत परत यायची. पण कुणी सांगितले नाही, काही कामही नाही, नुसते डोळे भरून पाहण्यासाठी चालायचे, असे आम्ही कधी केले नव्हते. आमच्या मनात ते आले तेव्हा माय म्हणाली, "पैसे देऊन पाय दुखवून घ्यायचे का?"

तरीही गेल्या माघ पौर्णिमेला तीन घरची नऊ माणसे रत्नागिरीला गेलो. जालन्याहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वे. पौर्णिमा चांगला दिवस म्हणून तोच धरला. ती निवड किती अडाणीपणाची होती ते पुढे कळेलच.

आदल्या दिवशी रत्नागिरीत थिबा राजाचा वाडा पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे बुद्धाला मानणाऱ्या देशाचा, शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ मध्ये त्याला कैदी म्हणून रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी उंचावर जांभ्या दगडाचा हा वाडा बांधला, तो १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षांत त्याला मायदेशाचे तोंड पुन्हा दिसले नाही. वाड्यात आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथून खाली खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. आमची पुतणी म्हणाली, "काका, राजा होता तरी त्याला मनासारखं फिरता येत नव्हतं. आपण तर उद्या फिरणार." त्या पोरीच्या बोलण्याने आमची सारी दगदग उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आरे गावी उतरलो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाणारा हा रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाचा तो भाग. त्यावर आरे आणि वारे असे शेजारी-शेजारी दोन किनारे लागतात. मध्ये डोंगराचे एक नाक समुद्रात घुसलेले आहे. काठाला सुरूची झाडी आहे, आणि वाऱ्याने तिच्यातून असा आवाज येतो की दूर कुठे पाऊस पडतो आहे असे वाटावे. मायने तर खरोखरच वर पाहिले.

आठ-साडेआठ वाजले असतील. पोरे वाळूवरून पळत सुटली. पुढे काळे कातळ होते, त्यांच्या खाचांत पाणी आणि पाण्यात इवलाले मासे. पोरे शंख-शिंपले गोळा करीत कातळावरून पुढे सरकली आणि त्यांच्यामागे आम्हीही. मध्ये एक घळ होती, तिच्यात घोट्याइतके पाणी. ती सहज ओलांडली. माय आणि दोन बाया वाळूवरच बसल्या होत्या.

किती वेळ गेला कळले नाही. एकदम हाक आली, "अहो, वर या! आधी पोरांना वर आणा!" डोक्यावर टोपली, हातात कोयती, अशी एक बाई कातळावरून झपझप येत होती. कालवे काढून ती घरी निघाली होती. आम्ही मागे वळून पाहिले तर घोट्याइतक्या पाण्याच्या त्या घळीत आता लाटा घुसत होत्या. बारा वर्षांच्या पुतण्याच्या कमरेला पाणी लागले. त्या माउलीने टोपली उंच कातळावर ठेवली, एका हाताने एक, दुसऱ्या हाताने दुसरे, अशी पोरे पलीकडे नेली. आमच्या पायातल्या चपला गेल्या. पोराच्या गुडघ्याला कालवांच्या धारदार कवचाने चीर पडली. एवढ्यावर निभावले. आणखी अर्धा तास आम्ही तिथे रमलो असतो तर हे सदर आज लिहिले गेले नसते.

वाळूवर आल्यावर ती बाई आमच्यावर चिडलीच. "आज पुनव आहे, ठाऊक नाही का? पुनवेला उधाण असतं. विचारायचं तरी होतं कुणाला!" आम्ही खाली मान घालून ऐकून घेतले. गोदावरीचा पूर आम्हाला कळतो, तो वरून येतो आणि वर्षातून एखाद्या वेळी येतो. समुद्र मात्र रोज दोनदा चढतो आणि रोज दोनदा उतरतो, हे शाळेत शिकलो होतो पण अंगवळणी नव्हते.

मग शांत झाल्यावर तिनेच भरती ओळखण्याचा हिशेब सांगितला. तो प्रत्येक घरी पाठ असावा असे आम्हाला वाटते. हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, सकाळी आणि पुन्हा रात्री. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून पौर्णिमेला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पाणी सर्वांत वर असते. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सहा वाजता भरती. अमावास्येला पौर्णिमेसारखेच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. ठिकाणाप्रमाणे पाऊण-एक तास मागेपुढे होतो, म्हणून हा हिशेब करूनही गावकऱ्यांना विचारायचेच.

दुसरी गोष्ट अशी की पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात. तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी बेताने हलते. त्याला कोकणात भांग म्हणतात. पौर्णिमा आणि अष्टमी हे दोन्ही दिवस आपल्या घराघरांत ठाऊक आहेत, उपोसथाचे दिवस म्हणून ते आपल्या कॅलेंडरवर असतात. तेच कॅलेंडर समुद्रावरही कामाला येते, हे मात्र आम्हाला कालवे काढणाऱ्या बाईने शिकवले. अष्टमीला गेलो असतो तर सकाळी सहाची भरती उतरून दुपारी बाराच्या सुमारास किनारा मोकळा मिळाला असता.

पोराचा गुडघा बांधला आणि आम्ही रस्त्याला लागलो. वारे गावानंतर चढ सुरू होतो. वळणावळणाने वर गेलो आणि मागे वळून पाहिले तर दोन्ही किनारे एका नजरेत आले. मधले डोंगराचे नाक, दोन्ही अंगांना वाळूचे दोन कोयते आणि हिरवे-निळे पाणी. पाण्याची रेघ जिथे आभाळाला मिळते तिथपर्यंत अडवणारे काही नाही. तेव्हा अकरा वाजले होते. ज्या कातळावर आम्ही शिंपले वेचीत होतो तो कातळ कुठेच दिसेना. त्याच्या जागी नुसता पांढरा फेस उसळत होता. कुणी काही बोलले नाही. वहिनींनी पोराला जवळ ओढले.

वर थोडे बसलो. कडा पाहण्यासारखा आहे. वरचा थर तांबडा, भोकाभोकांचा, तो जांभा. खाली पाण्याजवळ काळा कातळ. हा काळा कातळ आपल्या ओळखीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांमागे जमिनीतून लाव्हा वाहिला, त्याचे थर साठून हा खडक झाला. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली आहेत आणि घनसावंगीची कापसाची काळी माती त्याच्याच झिजेची. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, जालन्यात सातशेच्या आसपास. हजारो-लाखो वर्षांच्या त्या पावसाने इथल्या खडकातले विरघळणारे सारे धुऊन नेले, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरले आणि तांबडा जांभा तयार झाला. दगड मूळचा एकच, पाण्याने इतका फरक केला. जांभ्याच्या सपाट माथ्याला इथे सडा म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा सड्यांवर प्राचीन माणसांनी प्राण्यांची आणि माणसांची मोठमोठी चित्रे कोरून ठेवली आहेत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

आम्ही हे पोरांना सांगत होतो, पण मायचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी होते. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याकडे ती पाहत होती. मग म्हणाली, "हा डोंगर कुणी फोडला आसंल रे? आमच्यासारख्याच बाया आसतील." नऊ जणांत ते फक्त तिलाच सुचले. बाकी आम्ही सारे समुद्र पाहत होतो.

पुढे रस्ता नेवरे गावाकडे उतरतो. मायला आणि एका वहिनीला एसटीत बसवून दिले. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आणि २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट, त्यामुळे खिशाला झळ बसली नाही. आम्ही बाकीचे भंडारपुळ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत आंब्याच्या बागा, काजूची झाडे आणि घरांच्या कुंपणाला रचलेले जांभ्याचे गडगे. एके ठिकाणी कड्याच्या उंचीवरच, आमच्या डोळ्यांसमोरून, एक घार वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत गेली. घारीची पाठ वरून पाहण्याची वेळ आपल्यावर कितीदा येते?

आता जे जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी थोडे. इथे वेगळी पायवाट नाही, डांबरी रस्ताच आहे आणि वळणे आंधळी आहेत. म्हणून एकामागे एक, उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभे राहू नये, जांभ्याची कड पोकळ असू शकते आणि ढासळते. शेवाळलेल्या कातळावर पाय टाकू नये. पाणी आणि डोक्याला फडके न्यावे, सड्यावर सावली नाही. थंडीचे दिवस उत्तम.

पावसाळ्यात समुद्रात मुळीच उतरू नये. याच आरे-वारे किनाऱ्यावर जुलै २०२५ मध्ये चार जण बुडाले. किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यातून जोराने आत ओढते. वरून तो पट्टा शांत दिसतो आणि नवख्याला तिथेच उतरावेसे वाटते. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, दमछाक होते. आडवे, किनाऱ्याला समांतर सरकावे म्हणजे ओढ सुटते. काठावरच्यांनी एकामागे एक उड्या मारू नयेत. दोर, रिकामा डबा, ओढणी, जे तरंगेल किंवा पोचेल ते टाकावे, गावकऱ्यांना हाका माराव्यात आणि ११२ ला फोन करावा.

आमचे सांगणे एवढेच की जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर जा. डोळे भरून पाहण्यासाठी चालणे ही श्रीमंतांची चैन नाही, राबणाऱ्या पायांचा तर त्यावर पहिला हक्क आहे. फक्त जिथे जाल तिथल्या माणसाला आधी विचारा. शिकलेले आम्ही कातळावर अडकलो आणि वाट दाखवली ती कोयती घेतलेल्या बाईने. तिला आम्ही पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. "पोरांना पोहायला शिकवा," एवढे म्हणाली.

पुतण्या आता सुट्टीत विहिरीवर पोहायला शिकतो आहे, पाठीला डबा बांधून. आणि माय? परत आल्यावर शेजारणींनी तिला विचारले, समुद्र कसा होता? ती म्हणाली, "लई मोठा. अन् त्याच्या पाण्याला कुणाचा पहारा नाही."

पुढच्या अष्टमीला पुन्हा जायचे ठरले आहे. या वेळी पैसे मायने काढून ठेवले आहेत.

जयभीम!