आधी ओळख की आधी उपयोग?

आमच्या शहरातल्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती दिवसभर वावरणाऱ्या फळगाडेवाल्यांच्या, कापड दुकानातल्या नोकरांच्या, घाटी रुग्णालयातून रिपोर्ट घेऊन परतणाऱ्यांच्या खिशात आता फोन आहे आणि फोनवर आरोग्य-ॲपच्या जाहिराती आहेत. झोप लागेल, वजन उतरेल, मन शांत होईल, असं त्या सांगतात. माणूस ॲप उतरवून घेतो आणि बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी काढून टाकतो.

मधल्या वेळात काय घडतं ते पाहा. पहिली स्क्रीन इंग्रजीत. मग मोबाइल नंबर आणि ओटीपी. लोकेशनची परवानगी, नोटिफिकेशनची परवानगी. वजन किती, किती हवं, रोज पाणी किती पिता? शेवटी सात दिवस फुकट, पण त्यासाठी यूपीआयवर दरमहा आपोआप पैसे कापायला आधीच मंजुरी द्या. इथवर श्वासाचा एक साधा व्यायामही हाती लागलेला नसतो. म्हणून आता ॲप बनवणारेच म्हणू लागले आहेत की हा सगळा प्रवेश नव्याने रचायला हवा: प्रश्न काढा, नोंदणी मागे ढकला, माणसाला थेट उपयोगापाशी न्या.

ही मागणी आम्हाला मूलतः रास्त वाटते. तिचा उत्तम दाखला सरकारी आहे, आणि तो ॲपचा नसून फोनचा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावला की भाषा निवडायची आणि समुपदेशकाशी बोलायचं. रात्री दोन वाजता जीव घाबराघुबरा झालेल्या माणसाला आधी खातं उघडायला लावणं क्रूरपणाच ठरेल. या सेवेचं ॲप दोन वर्षांनी आलं. आधार आधी उभा राहिला, पडदा नंतर.

‘आरोग्य सेतू’चा अनुभव वेगळा धडा देतो. २ एप्रिल २०२० ला आलेलं ते ॲप १३ दिवसांत ५ कोटी लोकांनी घेतलं. त्यामागे रचनेपेक्षा करोना साथीची भीती होती, आणि मे महिन्यात कर्मचाऱ्यांवर आलेली सक्तीही. पुढे ती सैल करावी लागली. साधा फोन असलेल्यांसाठी १९२१ वर मिस्ड कॉलची सोय झाली, तीही ॲप आल्यावर महिनाभराने. आकडा मोठा असला म्हणजे दार सोपं होतं असा अर्थ निघत नाही.

पण डॉक्टरांचं म्हणणं याच्या विरुद्ध बाजूने येतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. काही न विचारता सल्ला द्यायचा म्हणजे कुणाला द्यायचा? गरोदर बाईला किंवा रक्तदाब वाढलेल्याला कपालभाती सुचवणं धोक्याचं आहे. रमजानचे रोजे धरणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला भर दुपारी ‘पाणी प्या, जेवण चुकवू नका’ असा निरोप पाठवणारं ॲप त्याच्या काहीच कामाचं नाही. त्याला सहेरीच्या वेळी डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना विचारण्याची आठवण हवी असते. आषाढीच्या उपवासालाही हेच लागू. हे कळायला प्रश्न विचारावेच लागतात. तपासण्यांची कागदपत्रं एकत्र ठेवायची तर ओळखही पक्की लागते. चौदा अंकी ‘आभा’ हा आरोग्य खात्याचा क्रमांक त्यासाठीच आहे, आणि तो ऐच्छिक आहे. जिथे ही सोय आहे तिथे ओपीडीच्या खिडकीपाशी क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं. नाव-पत्ता सांगायला रांगेत ताटकळावं लागत नाही. तिथे ओळख देण्याचा मोबदला हातोहात मिळतो.

म्हणजे प्रश्न विचारावेत की नाही, हा वादच नाही. ते कधी आणि कशासाठी, हा आहे. आमच्या मते नियम सरळ असावा: सल्ला ज्या उत्तरावर अवलंबून आहे, तो प्रश्न त्या सल्ल्याच्या तोंडाशी यावा आणि का विचारतोय हे एका ओळीत सांगावं. प्राणायाम उघडताना गरोदरपण आणि रक्तदाब विचारा. झोपेच्या गोष्टी ऐकायला जन्मतारीख कशाला हवी?

एका जागी मात्र घाई नको, आणि नव्या रचनेच्या उत्साहात तीच जागा आधी कापली जाते: संमती. शहागंजच्या गल्ल्यांत एक फोन अख्ख्या घरात फिरतो. सुनेने पाळीची तारीख टाकली आणि त्याची आठवण सासऱ्यांच्या हातात फोन असताना झळकली, तर ते ॲप त्या घरात पुन्हा उघडलं जाणार नाही. कोणती माहिती साठणार, कोणाला दिसणार, आठवण पडद्यावर उघडी झळकणार का, हे सावकाश आणि वाचणाऱ्याच्या भाषेतच विचारलं पाहिजे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा हेच सांगतो: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या यादीत आहेत, आणि शहागंजाला दोन्ही लागतात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. शब्द बदलून ती स्क्रीन तयार होत नाही, बटणांची मांडणीही फिरवावी लागते. खर्च वाढतो, हे खरं. तो टाळला तर पहिल्या पडद्यावरच अर्धा मोहल्ला बाहेर राहतो. जेवणाच्या यादीचंही तसंच. ज्वारीची भाकरी आणि नान-खलिया शोधून न सापडणारं ॲप या शहराला आहार कसा शिकवणार?

बाहेर पडण्याची वाटही नव्या रचनेचाच भाग आहे. त्याच कायद्याप्रमाणे संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असायला हवं, आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणीचा सापळा फसव्या रचनांच्या १३ प्रकारांत धरला आहे. तेव्हा आपोआप कापली जाणारी वर्गणी थांबवण्याचं बटण ती सुरू करणाऱ्या बटणाच्याच शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत असावं, आणि तेही पहिल्याच दिवशी दिसावं.