शंखाइतकीच चिठ्ठी मोलाची

उत्तर इटलींतील डोलोमाइट पर्वतांत सान कासियानो नांवाचें गांव आहे. तेथील मातकट थरांत इवलेइवले सागरी शंख सांपडतात. कित्येक तर तांदळाच्या दाण्याएवढेच. सुमारें २३ कोटी वर्षांपूर्वीं तेथें उथळ समुद्र होता व त्यांत पोंवळ्यांचे खडक वाढत होते. त्या खडकांच्या आश्रयानें राहणाऱ्या गोगलगायींचीं हीं कवचें होत. चिकणमातीनें पाणी आंत झिरपूं दिलें नाहीं, म्हणून तीं टिकलीं.

१८४१ सालीं काउंट म्यून्स्टर यांनीं ह्या शंखांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १८९१ पासून व्हिएन्नाच्या संग्रहालयांतील किट्ल यांनीं त्यांचा नव्यानें अभ्यास मांडला. शंखाजवळ त्याचें स्थळ सांगणारी चिठ्ठी नसेल, तर अशा श्रमांना आधारच उरत नाहीं. चिठ्ठी हरवलेला शंख सुंदर खरा, पण मुका.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलांनीं आणलेले दगड कचरा समजून फेकूं नयेत. ते कोठें व केव्हां मिळाले, एवढें मुलांकडून त्याच दिवशीं लिहवून घ्यावें. जें पाहिलें तेंच लिहिणें, ही विद्येची पहिली शिस्त होय.