भेटीचा तास वेळापत्रकात हवा

मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार असे कळले की महाविद्यालयांत ‘मेंटॉर-मेंटी’च्या फायलींची शोधाशोध सुरू होते. विद्यार्थ्याचा फोटो, रक्तगट, पालकांचा मोबाइल, भेटीची तारीख, चर्चेचा विषय आणि सही असे रकाने असतात. वर्षभराच्या भेटी एका दुपारी भरून निघतात. तारखा वेगवेगळ्या, शाई मात्र एकच. ‘अभ्यासाकडे लक्ष देण्यास सांगितले’ हे वाक्य पानोपानी. एका मेंटॉर शिक्षकामागे विद्यार्थी किती, असा आकडा मागितला गेला आणि महाविद्यालयांनी तो दिला. दिवाळीनंतर वर्गात न दिसलेला मुलगा कुठे गेला, याला त्या फायलीत रकानाच नाही.

कुपवाडच्या परिसरात तर हे कागदी मार्गदर्शन अधिकच खटकते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली. तिच्या हद्दीत १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी आहे आणि कुपवाडची औद्योगिक वसाहतही आहे. वर्ग आणि कारखाना इतके जवळ फार थोड्या शहरांत असतील. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात ४ श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणले. अभियांत्रिकीला इंटर्नशिप आधीपासून आहेच. पण बऱ्याच मुलांचे हे दिवस ऑफिसातल्या संगणकावर नोंदी करण्यात जातात आणि शेवटी शिक्का मारलेले प्रमाणपत्र मिळते.

फाउंड्रीतले एक साधे उदाहरण घ्या. ओतलेल्या जॉबमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ छिद्रे, निघाली आणि माल रिजेक्ट झाला. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की तिची वाफ होते आणि वायू धातूत अडकतो, हे मुलाने परीक्षेत लिहिलेले असते. समोरचा जॉब आणि ते उत्तर यांची गाठ त्याची त्यालाच पडते असे नाही. त्या वेळी शेजारी उभे राहून ‘वाळू हातात घेऊन बघ’ म्हणणारा शिक्षक लागतो. तो तिथे आठवड्यातून एकदा तरी जातो का, खरा प्रश्न एवढाच आहे.

शिक्षकांना झोडपणे सोपे आहे, पण त्यांच्या वेळेचा हिशेबही पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे. शिवाय परीक्षा, समित्या आणि पदोन्नतीसाठीचे शोधनिबंध. आणि हे झाले कायम नेमणूक असलेल्यांचे. असंख्य वर्ग आज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांना घेतलेल्या तासाचेच मानधन. तेही वेळेवर हाती पडेल याची खात्री नाही. तास संपला की पुढचे कॉलेज गाठणाऱ्या माणसाकडून वीस-पंचवीस मुलांचे पालकत्व कोणत्या तोंडाने मागायचे?

याच मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. मुलगा शिकायचा तर तो जेवतो कुठे, राहतो कुठे, हे आधी पाहायला हवे, हे त्यांनी ओळखले होते. त्यांची जयंती आपण दरवर्षी थाटात करतो.

मुलांकडे असे पाहायचे तर शिक्षकालाही शिकत राहावे लागते. प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग आहेत, २०२३ पासून मालवीय मिशनचे प्रशिक्षणही आहे. ते चालू द्यावेत. मात्र शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर बसून सहकाऱ्याचे शिकवणे पाहायला ना निधी लागतो ना परिपत्रक. आपल्याकडे त्याला ‘तपासणी’ समजतात, म्हणून ते होत नाही. सुरुवात विभागप्रमुखांनी स्वतःचा वर्ग उघडून करावी.

बाकीचे शासनाने आणि शिवाजी विद्यापीठाने करायचे आहे. रिक्त जागा भरायला वेळ लागणार, हे आता सवयीचे झाले आहे. तोवर भेटीचा तास कार्यभारात धरावा, तासिका शिक्षकाला त्याचे मानधन द्यावे आणि कुपवाडच्या कारखान्यात घातलेली दुपार रजेत न मोजता कामात मोजावी. जूनमध्ये वेळापत्रक फळ्यावर लागण्याआधी एवढा आदेश निघू शकतो.